स्ट्रासबर्गचा पतीत फ्रान्स: नाताळची खरेदी आणि पायी भटकंती, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

नाताळात स्ट्रासबर्गला पहिल्यांदा जाणाऱ्यांची एक चूक ठरलेली असते. दुपारी चारला स्टेशनवर उतरायचं, लोंढ्याबरोबर कॅथेड्रलकडे वाहत जायचं, नाताळ बाजाराच्या पहिल्या दहा टपऱ्यांतच पिशव्या भरायच्या आणि मग त्या सांभाळत पतीत फ्रान्सच्या दगडगोट्यांच्या गल्ल्यांमधून अंधारात ठेचकाळायचं. क्रम उलटा केला की हाच दिवस सुखाचा होतो: सकाळी रिकाम्या हाताने पतीत फ्रान्स, दहानंतर दुकानं, साडेअकरानंतर टपऱ्या, आणि फुटणाऱ्या वस्तू सगळ्यात शेवटी.

आधी जागा समजून घ्या. स्ट्रासबर्गचं जुनं शहर म्हणजे ईल नदीच्या दोन फाट्यांमधलं बेट, ‘ग्रांद ईल’. १९८८ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नदी जिथे फुटून कालव्यांमध्ये विभागते, तो बेटाचा नैर्ऋत्येकडचा कोपरा म्हणजे पतीत फ्रान्स, शब्दशः ‘छोटा फ्रान्स’. पूर्वी इथे कातडी कमावणारे, कोळी आणि पाणचक्कीवाले राहत. उभ्या उतरणीची छपरं आणि त्यांतले उघडे माळे दिसतात ते कातडी वाळत घालण्यासाठी. वरून वारा खेळला पाहिजे ना! नावाची गोष्ट मात्र गोंडस नाही. इथे उपदंशाच्या रोग्यांचं रुग्णालय होतं आणि त्या रोगाला जर्मन बोलणारे लोक ‘फ्रेंच रोग’ म्हणत. त्यावरून वस्तीला हे नाव पडलं. मराठी कानाला ‘पतीत’ ऐकून जे वाटतं, ते इतिहासाच्या हिशेबाने अगदीच चुकीचं नाही.

कधी जायचं

बाजार नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होतो आणि साधारण २४ डिसेंबरपर्यंत चालतो. शेवटची तारीख वर्षागणिक थोडी हलते, तेव्हा तिकीट काढण्याआधी शहराच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचं वेळापत्रक बघा. टपऱ्या साधारणपणे सकाळी साडेअकराला उघडतात आणि रात्री नऊच्या सुमारास बंद होतात. २४ तारखेला त्या लवकर आवरतात.

मंगळवार ते गुरुवार हे सगळ्यात चांगले दिवस. शनिवारी दुपारनंतर कॅथेड्रलच्या आसपास पाय टाकायला जागा नसते आणि खरेदी हा शब्दच विसरावा लागतो. आल्सासमध्ये, म्हणजे स्ट्रासबर्ग ज्या प्रांतात आहे तिथे, रविवारी दुकानं बंद असतात, पण नाताळच्या आधीच्या रविवारी ती उघडायला परवानगी मिळते. त्यामुळे रविवारही पूर्ण वाया जात नाही, फक्त दुकानं उशिरा उघडतात.

पुष्कळ जण सपशेल फसतात ते २५ आणि २६ तारखेला. बाकी फ्रान्समध्ये फक्त २५ डिसेंबरची सुट्टी असते, पण आल्सासच्या स्थानिक कायद्यानुसार २६ तारीखही सार्वजनिक सुट्टीची. म्हणजे ‘नाताळ झाला की सवलतीत घेऊ’ असा बेत असेल तर दोन दिवस कडीकोयंडेच बघावे लागतील. जानेवारीतला सेल वेगळा. त्याच्यासाठी नाताळात येण्यात अर्थ नाही.

आत शिरणं

पॅरिसच्या ‘गार द लेस्त’ स्थानकावरून वेगवान गाडीला पावणेदोन तास लागतात. स्ट्रासबर्ग स्टेशनवरून पतीत फ्रान्स पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, ट्रामची गरज नाही. दुसरीकडे जायला ट्राम घेतलीच, तर तिकीट फलाटावरच्या यंत्रात आधी उमटवून घ्यायचं. डब्यात चढल्यावर ती सोय नसते. तिकीट खिशात असलं तरी उमटवलेलं नसेल तर दंड होतो. बाजाराच्या वेळात बेटावरच्या काही थांब्यांवर ट्राम न थांबता पुढे जाते, हेही लक्षात ठेवा.

बाजाराच्या वेळात बेटावर येणाऱ्या पुलांवर पोलीस आणि सुरक्षारक्षक पिशव्या तपासतात. २०१८ च्या डिसेंबरात बाजाराच्या दिवसांतच झालेल्या हल्ल्यात पाच जणांचा जीव गेला होता, त्यामुळे हे सगळं मनापासून चालतं. कोटाची बटणं आणि पिशवीची चेन हात लावायच्या आत उघडून ठेवलीत तर रांग पुढे सरकते. खिशातला चाकू, अगदी फळं कापायचासुद्धा, खोलीवर ठेवा. हॉटेल बेटावर असेल तर सकाळी अकराच्या आत पोचा. त्यानंतर गाड्यांना आत येऊ देत नाहीत आणि चाकांची बॅग गोट्यांवरून खडखडत न्यावी लागते. एका दिवसासाठी आला असाल तर मोठं सामान बरोबर आणूच नका.

कपड्यांबद्दल थोडक्यात: तापमान शून्य ते पाच अंशांच्या आसपास असतं, नदीकाठी ओल जास्त. जाड तळव्याचे बूट हवेतच, कारण थंडी दगडातून पायात चढते. हातमोजे असे घ्या की पैसे काढताना काढावे लागणार नाहीत.

पहिली फेरी: रिकाम्या हाताने

सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो. साडेआठला निघा. स्टेशनसमोरचा र्यू द्यू मेअर कुस हा रस्ता सरळ नदीपर्यंत जातो. पूल ओलांडला की उजवीकडे वळून काठाकाठाने चालत राहा. थोड्या वेळात दगडी चौकोनी बुरूज दिसतात. हे ‘पों कुव्हेर’, म्हणजे झाकलेले पूल. त्यांच्यावरची छपरं १८ व्या शतकातच गेली, नाव तेवढं उरलं.

त्यांच्या मागे व्होबां या लष्करी अभियंत्याच्या नावाचं धरण. १७ व्या शतकाच्या अखेरीस शहराच्या बचावासाठी ते बांधलं. शत्रू आला की दरवाजे पाडून पाणी तुंबवायचं आणि दक्षिणेकडचा सगळा भाग पाण्याखाली घालायचा, ही युक्ती. त्याच्या गच्चीवर जायला पैसे पडत नाहीत. समोर बुरूज, त्यांच्यामागे कालव्यांवरची तिरपी छपरं आणि सगळ्याच्या मागे कॅथेड्रलचं एकुलतं एक टोक. कॅथेड्रलला दोन मनोरे बांधायचे होते, एकच पूर्ण झाला. १४२ मीटर उंचीचा हा मनोरा १६४७ ते १८७४ एवढा काळ जगातली सर्वांत उंच इमारत होता. फोटो इथूनच काढा; दुपारी या कठड्याला तीन-तीन रांगा असतात.

मग पुलांवरून परत येऊन ‘र्यू द्यू बँ-ओ-प्लांत’ या गल्लीत शिरा. डाव्या-उजव्या हातांना लाकडी चौकटींची घरं आहेत, त्यांत १५७२ सालचं कातडी कमावणाऱ्यांचं घरही येतं. घरं वर जाताना पुढे झुकलेली दिसतात ती डोळ्यांची फसगत नाही: प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा बाहेर काढलेला आहे. सकाळी नऊला इथे झाडणारे कामगार आणि पावाचा वास, एवढंच असतं. प्लास बेंजामाँ झिक्स या छोट्या चौकातून कालव्याकडे बघत थांबा. इथला एक पूल प्रवासी होडी आली की आडवा फिरून वाट देतो, तेवढी दहा मिनिटं राखून ठेवा.

वाटेत सेंट थॉमसचं प्रोटेस्टंट चर्च उघडं असेल तर आत डोकावा. तिथला झिल्बरमान घराण्याने बांधलेला ऑर्गन १७४१ चा आहे आणि १७७८ मध्ये मोझार्टने तो वाजवला होता. शिवाय आत ऊब असते, हे कारणही कमी नाही.

दुसरी फेरी: दुकानं, दहा ते साडेअकरा

टपऱ्या उघडायच्या आधीचा हा दीड तास म्हणजे खरेदीची सगळ्यात मोलाची वेळ. र्यू दे दांतेल आणि ग्रां र्यू या दोन रस्त्यांवर घरगुती वस्तूंची, कापडाची, खाऊची छोटी दुकानं आहेत. दुकानदाराला वेळ असतो, तुम्हालाही निवड करता येते. दारातून आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणायचं. न म्हणता थेट वस्तूला हात लावणं इथे उद्धटपणाचं समजतात, आणि मग पुढची सगळी उत्तरं तुटक मिळतात. काचेच्या वस्तू स्वतः उचलू नका, बोट दाखवा.

पैसे देताना आणखी एक वाक्य पाठ असू द्या: ‘से पूर ऑफ्रीर’, म्हणजे भेट द्यायची आहे. बहुतेक दुकानांत यावर वस्तू कागदात गुंडाळून, फीत बांधून देतात, वेगळे पैसे न घेता. पण विमानाने नेणार असाल तर भेटीचा कागद नको, बुडबुड्यांचं वेष्टन मागा. दोन्ही एकदम मागितलं की बांधणारीचा चेहरा पडतो आणि मागची रांगही लांबते.

यादी माणसांची करा, वस्तूंची नको. ‘काचेचे गोळे सहा’ असं लिहिलं की सहाच्या जागी चौदा होतात. ‘मावशी, ऑफिसातले चार जण, शेजारी’ असं लिहिलं की हात आवरतो.

काय घ्यावं आणि कसं पारखावं

*काचेचे गोळे.* नाताळच्या झाडाला आधी खरी सफरचंदं लावत. १८५८ साली दुष्काळामुळे सफरचंदं आली नाहीत म्हणून गोएत्झेनब्रुकच्या एका काच फुंकणाऱ्याने काचेची बनवली, अशी आख्यायिका सांगतात. तिथलं उत्पादन १९६४ मध्ये थांबलं. पुढे शेजारच्या मायझेनताल गावातल्या काचकेंद्राने ती कला पुन्हा सुरू केली, आणि आता दरवर्षी एक नवा आकार निघतो. हे गोळे तोंडाने साच्यात फुंकलेले असतात, त्यामुळे एकाच आकाराचे दोन गोळे शेजारी धरले तर वजनात आणि मानेच्या लांबीत थोडा फरक दिसतो. तो दोष नव्हे, हातकामाची खूण आहे. गोळा प्रकाशाकडे धरा: चांदीचा मुलामा आतून दिलेला असतो, त्यात काळे ठिपके असतील तर दुसरा मागा. आणि मुख्य म्हणजे गोळा कधीही वरच्या टोपीला धरून उचलू नका. टोपी आत रोवलेल्या दोन तारांच्या पायांवर टिकलेली असते. ती सुटली की हातात टोपी राहते आणि जमिनीवर बाकीचं.

*मातीची भांडी.* दोन गावं, दोन पूर्ण वेगळ्या वस्तू, आणि नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. सुफ्लेनहाइमची भांडी रंगीत, फुलांची, ठिपक्यांची. ती ओव्हनमध्ये चालतात. बेत्शडोर्फची करड्या रंगावर निळ्या नक्षीची. भाजताना भट्टीत मीठ टाकतात, त्याची वाफ पृष्ठभागावर बसून संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत चकाकी येते. ही भांडी साठवणीसाठी, पाण्यासाठी, ओव्हनमध्ये तडकतात.

सुफ्लेनहाइमचं भांडं घेताना दोन गोष्टी करा. पहिली, ठिपक्यांवरून अंगठा फिरवा. हाताने ओतलेल्या पातळ मातीचे ठिपके बोटाला उंच लागतात; छापील नक्षी गुळगुळीत लागते. दुसरी, भांडं तळहातावर तोलून कडेला नखाने हलकेच टिचकी मारा. घरी माठ घेताना करतो तेच. आवाज खणखणीत आला तर ठीक, बसका आला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. गुगलहुप्फ केकचा मधे भोक असलेला साचा घेणार असाल तर माप विचारा: अर्धा किलो मैद्याला साधारण २२ सेंटिमीटरचा लागतो, आणि दुकानात डोळ्यांत भरतो तो बहुधा त्याहून मोठा. साचा थंडगार असताना तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका, किंवा गरम साचा ओल्या ओट्यावर. एका झटक्यात दोन तुकडे होतात.

*केल्श.* लाल किंवा निळ्या चौकड्यांचं आल्साशी कापड. उलटी बाजू बघा: विणलेली चौकडी दोन्हीकडून सारखीच दिसते, छापलेली मागून फिकी पडते. हलकं, न फुटणारं, घडी करून कोपऱ्यात मावणारं. दूर नेण्यासाठी माझ्या मते यासारखी दुसरी भेटवस्तू नाही.

*ब्रेदले.* नाताळची छोटी बिस्किटं, कित्येक प्रकारची. मिश्र पुडा घेण्याआधी किलोचा भाव वाचा, कारण सुंदर डब्यातला माल अनेकदा डब्याच्याच किमतीचा असतो. बडीशेपेसारख्या वासाचं ‘आनिसब्रेदले’ पारखायला सोपं: वर गुळगुळीत टोपी आणि खाली कडेला एक खडबडीत ‘पाय’ दिसला पाहिजे. थापलेली बिस्किटं रात्रभर वाळवून मग भाजली तरच तो पाय येतो. घाई केली की बिस्किट सपाट राहतं. दालचिनीच्या चांदण्यांमध्ये बदाम आणि अंड्याचा पांढरा भाग असतो, मैदा नसतोच म्हटलं तरी चालेल. त्या पत्र्याच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून, काही आठवडे मऊ राहतात. लोण्याची बिस्किटं मात्र त्यांच्याच डब्यात ठेवू नका, ओल शोषून ती खुसखुशीत राहत नाहीत. अंडं न खाणाऱ्यांनी जपून: बहुतेक ब्रेदलेंमध्ये ते असतंच, आणि लेकरली या मध-मसाल्याच्या बिस्किटात कधी किर्श नावाची चेरीची दारूही. बंद पुड्यावर अंडं, सुकामेवा यांसारखे घटक ठळक अक्षरांत छापलेले असतात.

तिसरी फेरी: टपऱ्या

सगळ्यात जुना बाजार प्लास ब्रोग्ली चौकातला, ‘क्रिस्टकिंडल्समारिक’, म्हणजे बाळ येशूचा बाजार. त्याची सुरुवात १५७० ची. शहर प्रोटेस्टंट झालं होतं, धर्मोपदेशकांना सेंट निकोलसच्या नावाचा बाजार खटकत होता. तो बंद केला आणि बाळ येशूच्या नावाने नवा भरवला. व्यापाऱ्यांचं काही बिघडलं नाही.

टपऱ्यांवर स्थानिक कारागिरांच्या मालाबरोबर कुठेही मिळेल असा घाऊक मालही असतो. ओळखायची सोपी रीत: तीच लाकडी बाहुली पाच टपऱ्यांवर दिसली की ती इथली नाही. ‘हे कोण बनवतं, कुठे?’ असं विचारा. बनवणारा थांबत नाही, बोलतच सुटतो. विकणारा नुसता ‘आल्सास’ म्हणून गप्प होतो. म्हणून टपऱ्यांवर एक पूर्ण चक्कर काहीही न घेता मारा आणि परतताना घ्या.

खाणं-पिणं: गरम वाइन लाल असते तशी पांढरीही, आणि आल्सासमध्ये पांढरीच घेऊन बघावी. दारू नको असेल तर गरम सफरचंदाचा रस मागा, तो जवळपास सगळीकडे मिळतो. पेल्याची अनामत घेतात. पेला त्याच टपरीवर परत केला की पैसे परत. न केलात तर पेला तुमचा, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्त आठवण तीच.

शाकाहारींनी फ्लामकुशवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पातळ पोळीवर साय, कांदा आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, हा तिचा मूळ प्रकार. मशरूमची म्हणून दिलेल्या पोळीतही ते असू शकतात. ‘सां लार्दों’, म्हणजे ते तुकडे नकोत, हे आधी सांगायचं, भाजायला टाकल्यावर नाही. निर्धास्तपणे खाण्यासारखं म्हणजे मीठ लावलेला ब्रेत्झेल आणि भाजलेली चेस्टनट. हॉटेलात बसून जेवायचं असेल तर बाराला टेबल धरा. दोननंतर पुष्कळ स्वयंपाकघरं बंद होतात.

कॅथेड्रलमधलं खगोलघड्याळ बघायचं असेल तर दुपारी साडेबारा ही वेळ पकडा. तेव्हाच येशूसमोरून बारा शिष्य सरकतात आणि कोंबडा आरवतो. तिकीट आधी काढावं लागतं. साडेबारा का, तर १८४२ पासून चालणारं हे यंत्र स्ट्रासबर्गची स्थानिक वेळ दाखवतं, आणि ती मनगटावरच्या घड्याळापेक्षा जवळपास अर्धा तास मागे आहे. तिथे तेव्हा बारा वाजलेले असतात.

चौथी फेरी: दिवे

साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी खोलीवर जाऊन दिवसाची खरेदी टाकून या. काळोख पडला की प्लास क्लेबेरमधलं जवळपास ३० मीटर उंचीचं झाड बघा. ते व्होज डोंगरातल्या जंगलातून आणलेलं खरं झाड असतं. मग र्यू देझ ऑर्फेव्हर, सोनारांची गल्ली. अरुंद आहे, सजावट दोन्ही भिंतींवर ओसंडते, आणि सहानंतर तिथे माणूस ढकलतच पुढे जातो. आठनंतर ती पुन्हा मोकळी होते. बाबागाडी घेऊन मधल्या वेळात जाऊ नका. काच आणि माती घ्यायची वेळ आता: सकाळी हेरून ठेवलेल्या दुकानात, बंद व्हायच्या तासभर आधी, आणि तिथून थेट खोलीवर.

बांधाबांध आणि करपरतावा

भांड्याच्या पोकळीत मोजे कोंबा. आत पोकळी राहिली की भांडं फुटतं. काचेचे गोळे पुठ्ठ्याच्या डब्यात घालून हातातल्या बॅगेत न्या. हलवले की आत बर्फ पडताना दिसतो ते पाणी भरलेले शोभेचे गोळे मात्र हातातल्या बॅगेत चालत नाहीत: आत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव असेल तर सुरक्षातपासणीत काढून घेतात. मध आणि जॅमलाही तोच नियम.

युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या, १६ वर्षांवरच्या प्रवाशाला एकाच दुकानात १०० युरोंपेक्षा जास्त खरेदी केली तर करपरतावा मिळतो. त्याला फ्रान्समध्ये ‘देताक्स’ म्हणतात. पैसे देण्याआधीच सांगा आणि पासपोर्ट दाखवा. नंतर फॉर्म करून द्यायला दुकानदार नाखूश असतात. सगळी दुकानं ही सोय देत नाहीत आणि टपऱ्यांवर तर ती बहुधा नसतेच. फॉर्मवर शिक्का युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर घ्यायचा. पॅरिसहून निघाल्यास पाब्लो नावाच्या यंत्रावर फॉर्मवरची बारकोडची पट्टी दाखवली की काम होतं. स्ट्रासबर्गहून अनेक जण बसने फ्रँकफर्टला जाऊन तिथून भारताचं विमान धरतात. तिथे हे फ्रेंच यंत्र नसतं, जर्मन कस्टमच्या खिडकीवर कागदी फॉर्मवर शिक्का घ्यावा लागतो. ते वस्तू बघायला मागू शकतात, म्हणून मोठी बॅग विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधी त्या खिडकीवर जा, आणि करपरताव्याच्या वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा.